तळातला खण

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख बघा. अजून काळंनिळं आहे.

आणि भुतं रात्रीच येतात असं कोणी सांगितलं? हे भर दुपारी घडलं, गेल्या शनिवारी, शाळा सुटल्यावर.

आवाजांच्या बँकेत.

घशाचं ऑपरेशन असलं की लोक आधी आपला आवाज तिथे ठेवतात. बरं झालं की परत नेतात. माझ्या बाबांनीही ठेवला होता. महिनाभर घरात नुसत्या खाणाखुणा. मला 'भोंगाबाई' म्हणून हाक मारणारं कुणी नाही.

आवाज ज्याचा, त्याने आत जायचं नाही, हा बँकेचा नियम. म्हणून मी गेले. बाबा बाहेर बाकावर बसले.

लॉकरवाल्या मावशींनी दार उघडलं.

"डबी उचल आणि ये. आत कुणी हाक मारली तर ओ देऊ नकोस."

"का?"

"प्रश्न बाहेर आल्यावर विचार."

आत स्टीलचे खणच खण. इतकं शांत, की माझाच श्वास मला मोठा वाटला. बाबांचा खण सापडला. डबी घेतली. झाकणावरचं सील शाबूत होतं.

मी वळले... आणि मागून आवाज आला.

"भोंगाबाई..."

बाबांचा आवाज.

पण तो तर माझ्या हातात होता!

अगदी तळाला एक खण अर्धा उघडा होता. रिकामा.

"भोंगाबाई... ओ दे ना गं..."

ओ अगदी ओठांवर आली होती. मी ओठ चावला. मग डोकंच फिरलं माझं.

"तू माझा बाप नाहीस!"

धाडकन लाथ घातली. खण बंद.

लंगडत बाहेर आले. मावशींना सगळं सांगितलं, तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तळाला? पोरी, तळाला खण नाहीत. नुसती भिंत आहे."

बाबांना आवाज मिळाला. पहिलं वाक्य काय, तर "तुझ्या आईचा चहा महिनाभर निमूट प्यायलो, आता बोलतोच!" मी इतकी हसले, की मावशींनी दटावलं.

मग ते हसत माझ्याकडे वळले. "ए..."

तोंड उघडलं. पुढे काहीच नाही.

त्यांना माझं शाळेतलं नाव घेता येतं. बाकी सगळं येतं. तेवढी एक हाक येत नाही. "जाऊ दे गं," म्हणतात. पण रोज आरशासमोर उभे राहून ओठ हलवतात, ते मी पाहिलंय.

आता दुपारी घरात मी एकटीच असते. अभ्यासाला बसते. तेव्हा स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कपाटातून, अगदी तळातून येतं...

"भोंगाबाई..."

भीती वाटतेच. खोटं कशाला सांगू?

पण ओ देत नाही. उठते, कपाटाच्या दारावर थाप मारते आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडते, "ती हाक माझ्या बाबांची आहे! आधी त्यांना परत दे!"

मग आतून थाप येते.

एकच.