मोठ्या आईचा पदर

वाडीत एक कोडं होतं. मोठी आई ज्या पोरांना जिवापाड जपायची, नेमके त्यांचेच डोळे सारखे लाल व्हायचे. पलीकडे सौरपंपाजवळ राहणारी पोरं मात्र ठणठणीत.

"दिष्ट लागती माझ्या लेकरांना," मोठी आई म्हणायची आणि पदराच्या एकाच टोकानं सगळ्यांचे डोळे, नाक पुसून काढायची. शेवटी स्वतःचेही.

मोठी आई म्हणजे पोरांत थोरल्या असलेल्या मायाक्काची चुलती. या पोरांच्या आया मेंढरांमागे जात, पोरं हिच्यापाशी. तिला आता फक्त उजेड आणि अंधार कळायचा. तिच्या आत वळलेल्या पापण्यांचे केस टोचायचे, म्हणून मायाक्का ते चिमट्याने उपटायची. मोठी आई हूं की चूं करत नसे. रडू यायचं ते मायाक्कालाच.

त्या वर्षी तालुक्याहून डोळे तपासणारा यंत्रमानव आला. त्याच्या काटकुळ्या पायांवरून पोरांनी त्याचं नाव टिटवी ठेवलं. टिटवीने पोरांचे डोळे तपासले आणि मग पदराचं टोकही.

"या खुपऱ्या आहेत, डोळ्यांचा पसरणारा रोग," टिटवी म्हणाली. "यांचे जिवाणू (नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव) बोटांवरून, माश्यांवरून, कापडावरून पसरतात."

"पंपाजवळ पाणी आहे, तिथली पोरं रोज तोंड धुतात," मायाक्का हळूच म्हणाली. "पण पापण्या आत का वळतात?"

"पुन्हा पुन्हा लागण झाली की पापणीच्या आत वण पडतात. भाजलेलं कातडं आकसतं, तसे ते आकसतात आणि पापणीला आत ओढतात. मग केस बुबुळावर घासत राहतात आणि ते धुरकट होतं. पोरांना प्रतिजैविक (जिवाणूंना मारणारं औषध) देऊ. मोठ्या आईची पापणी शस्त्रक्रियेने सरळ होईल, टोचणं थांबेल. गेलेली नजर मात्र परत येणार नाही."

"म्हंजी पोरांना म्याच दिलं व्हय?" मोठी आई म्हणाली.

"पदरानेही दिलं. तुम्हाला ठाऊक नव्हतं."

टिटवीला खोटं बोलता येत नसे. त्या क्षणी तरी तिला ते यावं, असं मायाक्काला फार वाटलं. मोठी आई पदराचं टोक चाचपू लागली.

तेवढ्यात धाकट्या बिरूने तिच्या मांडीत तोंड खुपसलं. डोळ्यांत चिपडं, नाक वाहतंय. सवयीने तिचा हात पदराकडे गेला आणि मधेच थांबला.

"माया, अर्धा तांब्या पानी आण गं."

तिने पदर कमरेला खोचला आणि चाचपत चाचपत त्याचं तोंड धुतलं. बिरूने भोकाड पसरलं. रडतरडत तो पदर शोधू लागला, तो काही त्याला सापडेना.

"रडू दे," मोठी आई म्हणाली. तिचाही आवाज ओला झाला होता. "डोळं तर ऱ्हातील."