सीट थोडी पुढे

"तुमची गायिका पायाशी बसून गातेय," ती गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाली. "बिचारीला जरा वर तरी बसवा."

तो खरं तर शेजारच्या दुकानात टायर बदलायला आला होता. त्याने दाराच्या तळाशी बसवलेल्या स्पीकरकडे पाहिलं, मग तिच्याकडे… आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ.

"बसवता येईल?" त्याने विचारलं.

घरात तिला सगळे चिंगी म्हणत, कारण ती होतीच मूठभर. पण गाडीतला आवाज जुळवण्यात बाबांच्या दुकानात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने छोटे स्पीकर काचेच्या कोपऱ्यात वर बसवले, त्यांची तोंडं आत वळवली. मग चालकाच्या सीटवर बसून, कानापासून प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजून, जवळच्या स्पीकरचा आवाज केसभर उशिरा निघेल असं केलं. दोन्हीकडचा आवाज एकदमच कानात पोचला की गाणारी बरोबर समोर उभी राहते.

"आता बरं, की आधी?"

"हा तर माझा प्रश्न," तो हसला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. "मी दिवसभर लोकांना हेच विचारतो."

त्याच आठवड्यात स्वारी पुन्हा हजर. आवाज एका बाजूला झुकतोय म्हणे. तो खाली उतरला, ती आत बसली, सीट पुढे ओढून ऐकलं… सगळं जागच्या जागी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच तक्रार आणि पुन्हा तेच.

"गाडी ठणठणीत आहे," बाबा म्हणाले. "बिघाड चालवणाऱ्यात दिसतोय."

"बाबा…"

"मी काही म्हटलं का?"

वरवर ती वैतागली, मनातून मात्र गुदगुल्या होत होत्या. तक्रार खोटी, म्हणजे माणूस आपल्यासाठी येतो, इतकं सरळ होतं ते. कामाचा कळकट शर्ट खुंटीवर राहिला आणि ती निळा कुर्ता घालून दुकानात येऊ लागली.

तो तिसऱ्यांदा तक्रार घेऊन आला तेव्हा बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्यामुळे तो उतरला नाही, तीच धावत जाऊन त्याच्या शेजारी बसली. आणि तिने पहिल्यांदाच त्याला त्याच्या जागेवर बसलेलं शेजारून पाहिलं. सीट पार मागे, डोकं छताला टेकायला आलेलं.

सगळी मापं तिने स्वतःच्या कानापासून घेतली होती, स्वतःचे पाय पोचावेत म्हणून सीट पुढे ओढून. तक्रार खरीच होती. म्हणजे तो आवाजासाठीच येत होता, आणि ती वेड्यासारखी भलतंच समजून बसली होती.

"चूक माझी," ती खाली बघत म्हणाली. "मी गाडी माझ्या उंचीला बेतली."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"मागच्या वेळी इथून गेलो, त्याच संध्याकाळी कळलं. सीट पुढे घेतली, मान खाली घातली… झकास ऐकू आलं. तेव्हापासून तसाच चालवतोय. गुडघे सोलून निघालेत, म्हणून इथे थांबल्यावर सीट मागे घेतली."

"मग आज कशाला आलात?"

त्याने चष्मा काढला आणि चक्क शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर तो ओरडला असता.

"तक्रारीशिवाय इथे यायचं कसं… ते सुचेना," तो म्हणाला. "तुम्ही आवडता मला."

तिच्या छातीवरचा धोंडाच उतरला. इतकं हायसं वाटलं की हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले. तिने मोजपट्टी काढली आणि तिचं टोक त्याच्या कानाशी धरलं. माप घेऊन झालं तरी हात तिथेच राहिला.

"आता तुमच्या मापाने लावून देते," ती म्हणाली. "मग तक्रारीला जागा उरणार नाही."

"मग मी येऊ कसा?"

"रविवारी या ना," ती म्हणाली. "रविवारी दुकान बंद असतं."