पहिली ओ

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात सर्व्हर रूम म्हणजे मुळात सुताचं गोदाम होतं. खिडकी नाही, जाड लोखंडी दार, भिंतींना अजून सुताचा कोरडा वास. पूर्वी इथून सूत गुंडाळलेले कोन चोरीला जायचे, म्हणून मालकांनी दाराला आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे बोट ठेवायचं मशीन बसवून घेतलं होतं. आत जायला बोट, बाहेर यायलाही बोट. बोट ओळखायचं काम आतल्या सर्व्हरचं. त्याने दाराला होकार कळवला की दार उघडायचं. आत अडकलेल्या माणसासाठी एखादी साधी कडी असावी, हे मालकांना सुचलं नव्हतं. त्यांना फक्त चोर सुचला होता.

हृषीकेशला इथे लागून महिनाही झाला नव्हता. त्याच्या आधीचा कमलाकर एका दुपारी काम टाकून निघून गेला, तो खुर्चीवरचा रुमाल न्यायलासुद्धा परत आला नाही. माणूस कामाला चोख होता, यावर सगळ्यांचं एकमत होतं. हृषीकेशलाही ते पटलं असतं, पण एक गोष्ट त्याच्या डोळ्यांत सारखी खुपत होती.

कुठल्याही कॉम्प्युटरला आपल्या शेजाऱ्यांची यादी ठेवावी लागते. कोणता पत्ता कोणत्या मशीनचा, एवढंच त्यात असतं. ठाऊक नसेल तर तो गल्लीत उभं राहून हाक मारावी तसा सगळ्यांना विचारतो, हा पत्ता कोणाचा? जो आधी ओ देईल त्या मशीनचा स्वतःचा नंबर त्या पत्त्यापुढे लिहून घेतो. खरा की खोटा, ते विचारत नाही. नोंद शिळी झाली की पुन्हा हाक. असा भाबडा कारभार, पण जगभर बिनबोभाट चालतो.

कमलाकरने मात्र या सर्व्हरवरची एकूण एक नोंद हाताने भरून कायमची करून टाकली होती. म्हणजे सर्व्हरने कधी कोणाला हाक मारायलाच नको. हृषीकेशला हा शुद्ध अडाणीपणा वाटला. उद्या प्रिंटर बदलला तर नोंद कोण बदलत बसणार?

त्या दिवशी त्याने अर्धी रजा टाकली होती. श्रावणीच्या शाळेत स्नेहसंमेलन होतं आणि तिला झाडाचं काम मिळालं होतं. झाडाला एकही वाक्य नव्हतं, तरी बाबा पहिल्या रांगेत पाहिजेत, असं तिने बजावून ठेवलं होतं. निघण्यापूर्वी एवढं उरकून टाकू म्हणून तो जेवणाच्या सुट्टीत आत जाऊन बसला. माग थांबले होते. काळ्या पडद्यावर त्याने एका ओळीची कमांड दिली आणि कमलाकरची सगळी यादी पुसून टाकली.

यादी लगेच भरू लागली. हजेरीचं मशीन, प्रिंटर, कॅमेरा, दार. तो समाधानाने बघत होता, आणि मग त्याच्या कपाळाला आठी पडली. चारही पत्त्यांपुढे एकच नंबर होता. चार घरांतून एकाच माणसाने ओ द्यावी तसं.

असं होतं कधीकधी. एखादं मशीन बिघडलं की भलत्याच पत्त्यावर हक्क सांगत सुटतं. त्याने नोंदी पुसल्या. त्या परत आल्या. मग त्याने चोर शोधायची साधी रीत धरली. नेटवर्कची एकेक तार उपटायची आणि पुन्हा बघायचं. प्रिंटरची काढली, कॅमेऱ्याची काढली, दाराची, हजेरीची. तरी तोच नंबर. शेवटी त्याने सर्व्हरचीच तार काढली आणि तिचं टोक मुठीत धरून दुसऱ्या हाताने कमांड दिली.

आता विचारायला कोणी उरलं नव्हतं. तरी उत्तर आलं.

हृषीकेश हसला. ते हसू त्याचं त्यालाच बरं वाटलं नाही. ही पडद्याचीच काहीतरी गफलत, उद्या निवांत बघू, असं म्हणत त्याने सगळ्या तारा होत्या तशा लावल्या, बॅग उचलली आणि दाराच्या मशीनवर बोट ठेवलं.

लाल दिवा लागला. त्याने बोट पुसून पुन्हा ठेवलं. पुन्हा लाल.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. सर्व्हर दाराला निरोप धाडत होता, पण तो भलत्याच्याच हाती पडत होता, एवढंच. उपाय कमलाकरचाच होता. दाराच्या पत्त्यापुढे दाराचा खरा नंबर हाताने लिहायचा आणि नोंद कायमची करायची. पण तो नंबर त्याने मघाशी उतरवून न घेताच पुसला होता. स्वतःला चार शिव्या घालून त्याने अकाउंट्सच्या वैदेही मॅडमना फोन लावला. फोन एक-दोनदा वाजला आणि बंद झाला. पुन्हा लावला, तेव्हा लगेच उचलला गेला.

"मॅडम, मी सर्व्हर रूममध्ये अडकलोय. दाराचा नंबर फक्त बाहेरच्या मशीनखालच्या स्टिकरवर आहे, तो वाचता का?"

"हो. घे लिहून."

मॅडमनी सावकाश, एकेक आकडा सुटा करून नंबर वाचला. त्याने तो टाइप केला, नोंद कायमची केली आणि जाऊन बोट ठेवलं. लाल.

तो परत पडद्याशी आला आणि मॅडमनी वाचलेला नंबर त्याने आता पहिल्यांदाच नीट पाहिला. तो तोच होता. सगळ्यांच्या वतीने ओ देणारा.

तेवढ्यात फोन वाजला. वैदेही मॅडम.

"अरे हृषीकेश, तुझा मिस्ड कॉल दिसला. हात धुवायला गेले होते. काय रे?"

ही भीती होती, आणि तिला दुसरं काही नाव देण्यात अर्थ नव्हता.

"मॅडम, तुम्ही इथे या. आत्ता. मी आत अडकलोय. रामहरीला पहार घेऊन यायला सांगा."

"बरं बरं, आले की."

तो दाराला कान लावून उभा राहिला. लोखंड गार होतं. थोड्या वेळाने चपलांचा आवाज आला आणि पहार फरशीवर टेकवल्याचा. मग मेंटेनन्सच्या रामहरीचा घोगरा आवाज आला.

"हृषीकेश साहेब, आत हाय का तुमी?"

हृषीकेशने तोंड उघडलं.

"इथे आहे की, रामहरी." आवाज दाराच्या पलीकडून आला. अगदी जवळून. आवाज हृषीकेशचा होता.

"अरे, अडकलास म्हणालास ना?" मॅडम म्हणाल्या.

"निघालो ना. बोट घेत नव्हतं, मग घेतलं."

हृषीकेशने दोन्ही मुठी दारावर आपटल्या. तो ओरडला. घसा फाटेस्तोवर ओरडला.

"आत काय वाजतंय वो?" रामहरीने विचारलं.

"यूपीएसचा पंखा. उद्या बघतो."

"लई वाजतंय की."

"जुना झालाय. चला, मलाही निघायचंय. श्रावणीचं संमेलन आहे. ती झाड झालीय."

मॅडम हसल्या. चपला लांब गेल्या. मग भोंगा झाला, सगळे माग एकदम सुरू झाले आणि हृषीकेशला स्वतःचं ओरडणंही ऐकू येईना.

तो कोपऱ्यात भिंतीला टेकून खाली बसला. त्याने घरी बायकोला फोन लावला.

"हॅलो?" रेश्माचा आवाज.

"रेश्मा, मी बोलतोय. नीट ऐक. मी कारखान्यात आत..."

"कोण बोलतंय? हा नंबर माझ्याकडे सेव्ह नाही."

"अगं, मी. हृषीकेश."

पलीकडे श्रावणी काहीतरी गुणगुणत होती. हिरव्या कागदांची सळसळ ऐकू येत होती. रेश्मा आवाज ओळखते आहे, असं त्याला वाटलं. नक्की वाटलं.

"एक मिनिट थांबा हं," रेश्मा म्हणाली. परक्या माणसाशी बोलताना ती अशीच अदबीने बोलायची. "आमच्या ह्यांचा फोन येतोय. निघाले वाटतं."

खट्ट झालं. मग एक बाई शांत आवाजात सांगू लागली की आपला कॉल होल्डवर ठेवण्यात आला आहे, कृपया लाइनवर राहा.

तो लाइनवर राहिला.