इंद्रायणीचा पेपर

"थांब, थांब! ते पान फाडू नकोस!" मृदुला ओरडली.

मे महिन्याची सुट्टी होती. संत तुकाराम नगरातल्या घरी मृदुला आणि शेजारचा हरिहर तपासलेल्या उत्तरपत्रिकांतली कोरी पानं काढून वह्या शिवत होते. मृदुलाचे बाबा, प्रभाकर गुरुजी, त्यांनाच सहावीला विज्ञान शिकवत.

हरिहर त्यांच्याच वर्गातल्या इंद्रायणीच्या पेपरचं लिहिलेलं पान फाडायला निघाला होता. 'पानी तापलं की त्याची वाफ व्हते. वाफ गार झाली की परत पानी.' त्यावर आडवी लाल रेघ. भोपळा!

"अरे, उत्तर बरोबर आहे की!" हरिहर म्हणाला.

"सगळीच बरोबर आहेत! आणि ती नापास?"

शेजारी समासात बाबांचं अक्षर होतं : 'ही कुठली भाषा?'

मृदुलाने तीच उत्तरं शुद्ध मराठीत, अक्षर बदलून कोऱ्या कागदावर उतरवली आणि चहा पिणाऱ्या बाबांपुढे ठेवली. "एवढं तपासता का?"

बाबांनी भराभर खुणा केल्या. "पन्नासपैकी शेहेचाळीस! पोर हुशार आहे. कोण ही?"

"इंद्रायणी," मृदुला म्हणाली आणि तिने मूळ पेपर पुढे केला.

बाबांचा चहा तसाच राहिला.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी तो पेपर शाळेत नेला आणि मुख्याध्यापिका सुमनताईंनी निकाल बदलला. "शाबास रे पोरांनो! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत!"

दोघं धावतच इंद्रायणीच्या घरी गेले. तिची आई सोजरबाई दारात शेंगा फोडत होती.

"पास झाली व्हय? तिच्या बानं तर शाळेतनं नाव काढायचं ठरिवलंय. माण गावाला मावशीकडं धाडलीया, लेकरू सांभाळाया."

शेवटी बाबा स्वतः माणला गेले. मुलंही बरोबर होती. इंद्रायणी कडेवर मूल घेऊन उभी होती.

"चूक माझी होती, बाळ. शाळेत ये," बाबा म्हणाले.

"मला काय येत न्हाई, गुरुजी. तुमीच वर्गात म्हनला व्हता."

बाबांनी तिच्या वडिलांना दोनदा भेटून त्यांचं मन वळवलं.

जूनमध्ये इंद्रायणी सातवीत येऊन बसली. "ढग कसे तयार होतात?" विज्ञानाच्या तासाला बाबांनी विचारलं. तिने वहीत उत्तर लिहिलं होतं. शेजारी बसलेल्या मृदुलाला ते दिसत होतं, अगदी बरोबर!

"सांग ना!" मृदुला कुजबुजली.

इंद्रायणीने उत्तरावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.