दारातून दिसणारी बाई

काम तसं साधंच होतं. चौकटवाला दुपारी मोठ्या चित्राचं माप घ्यायला यायचा होता, आणि तो आला तेव्हा चित्रकार खिडकीचा पडदा सरकवत होता.

चित्रात म्हणाल तर काहीच नव्हतं. राखाडी, मातकट रंगांचे नुसते पट्टे, एकामागे एक. रस्ता नाही, घर नाही, तरी नजर आत आत जात राहावी, या एका ध्यासापायी त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. बायको चहा घेऊन यायची आणि दारातच उभी राहायची. "आत येऊ का?" विचारायची. हा मान न वळवता म्हणायचा, "थांब जरा, तंद्री मोडेल." चहा गार व्हायचा. मागच्या हिवाळ्यात ती गेली. तेव्हाही हा चित्रापाशीच होता.

चौकटवाला दारातच थबकला.

"साहेब, ही बाई पाठमोरी का काढलीत?"

"कुठली बाई?"

"ती काय... आत चाललीय."

चित्रकारानं जवळ जाऊन पाहिलं. नुसता रंग. मग तो दारापाशी येऊन उभा राहिला. आपलं चित्र इथून कसं दिसतं, हे त्यानं आजवर पाहिलंच नव्हतं.

पट्टे हलके हलके जुळत गेले. खांदा, सैल बांधलेले केस, किंचित झुकलेली मान. ती चालली होती, काही घाई नसल्यासारखी. टर्पेंटाइनच्या उग्र वासात कुठून तरी तिच्या साबणाचा वास मिसळला.

"अगं..." त्याच्या तोंडून जेमतेम शब्द फुटला. "थांब ना..."

ती थांबली. मान वळू लागली. गालाची कड दिसली, आणि जन्माच्या खोडीनं तो नीट बघायला पुढे सरकला.

झालं. समोर पुन्हा नुसते पट्टे. तो धडपडत दाराशी परतला, इकडे झुकला, तिकडे झुकला, गुडघ्यांवर बसला. चित्रातलं अंतर तेवढंच खोल होतं. ती नव्हती.

साहेबांना भोवळ आली असं चौकटवाल्याला वाटलं. त्यानं पाणी दिलं, आणि माप घ्यायला चित्र भिंतीपासून पुढे ओढलं. मागून हात फिरवताना तो चपापला.

"साहेब... कापड मागून ओलं आहे. इथंच, एवढंसं."

तळहाताएवढा डाग होता, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. चित्रकारानं त्यावर बोटं टेकली. कोमट. त्यानं स्वतःचा श्वास रोखून धरला.

बोटांखाली कापड हळूच फुगत होतं, बसत होतं.