फॅन फिरत होता

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं. कमेंटमध्ये अक्कल शिकवू नये, माझं डोकं आधीच फिरलेलं आहे.

आणि हे रात्री घडलेलं नाही. गॅरेजच्या सुट्टीचा दिवस होता. दुपारचे अडीच. शटर अर्धं वर, बाहेर रणरणतं ऊन. भुतांना अंधार लागतो असं ज्याने कुणी ठरवलं, त्याला त्या दुपारी माझ्या जागी उभं करायला हवं होतं.

मी मेकॅनिक आहे. बावीस वर्षं झाली.

दादा, माझा थोरला भाऊ, वडिलांची जुनी गाडी चालवायचा. गेल्या वर्षी तिच्या रेडिएटरचा फॅन आपोआप सुरू करणारा स्विच बिघडला. तो पार्ट आता मिळत नाही. म्हणून आम्ही सगळे मेकॅनिक करतो तेच मी केलं. दोन नवीन वायरी ओढून फॅन डायरेक्ट केला. चावी फिरवली की फॅन सुरू.

त्यानंतर गाडी तापायला लागली.

दादा पाच वेळा आला. मी थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटरचं झाकण बदललं, वॉटर पंप बदलला. दर वेळी फॅनकडे नजर टाकायचो. फिरतोय? फिरतोय. झालं तर मग.

पाचव्या वेळी दादा म्हणाला, "अरे, पुढच्या जाळीसमोर एकदा हात धरून बघ ना. हवा बाहेर येते असं वाटतं मला."

माझी सटकली. "मला शिकवतोस? क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची आणि वर माझ्या कामात नाक खुपसायचं. विकून टाक हा खटारा."

त्याने बॉनेट बंद केलं आणि गेला.

पंधरा दिवसांनी उड्डाणपुलावर गाडी तापून बंद पडली. डिकीतून पाण्याची बाटली काढायला तो खाली उतरला. बाजूने ट्रक आला.

गाडीवर साधा ओरखडाही नव्हता.

घर माणसांनी भरलं होतं. कुणीतरी विचारलं, झालं कसं? मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दादाला गाडीतलं काही कळत नव्हतं. शंभरदा सांगितलं, विक म्हणून." खापर त्याच्यावर फोडून मी मोकळा झालो.

चार महिन्यांनी वहिनी गाडी घेऊन गॅरेजमध्ये आल्या.

"भाऊजी, ही नीट करून द्या. आता मी चालवणार आहे. आणि बिघाड काय होता ते मला कळलं पाहिजे. सगळे यांनाच दोष देतात."

म्हणून त्या सुट्टीच्या दुपारी मी एकटा होतो.

इंजिन सुरू केलं. बॉनेट उघडलं. फॅन गरगर फिरत होता. दहा मिनिटांत तापमानाचा काटा अर्ध्यावर. मग पाऊण.

आणि मग आतून आवाज आला…

हीटरचा.

दार उघडलं तर गरम वाफ तोंडावर आली. बटण पार लाल टोकापर्यंत फिरवलेलं. मी हात लावला नव्हता. गाडी तापली की इंजिनची उष्णता आत ओढून घ्यायला हीटर लावतात. दादा लावायचा. भर उन्हात, घामाने निथळत.

मी बटण बंद केलं. पुन्हा बॉनेटकडे आलो.

पुन्हा आवाज…

या वेळी आत बसलो, आणि एक गोष्ट लक्षात आली. वहिनी बुटक्या आहेत. त्यांनी सीट पार पुढे घेतलेली होती. सकाळी माझे गुडघे आपटले होते.

आता सीट मागे होती. दादाच्या पायांना लागायची तेवढी.

मी इंजिन बंद केलं. चावी खिशात टाकली. फॅन थांबला, हीटर थांबला. रस्त्यावरचे आवाजसुद्धा ऐकू येईनात.

घाबरलो का? नाही. संताप आला. मेल्यावरसुद्धा हा मला काम शिकवणार?

इंजिन परत सुरू केलं आणि समोर उभा राहून ओरडलो, "काय पाहिजे तुला? बोल ना आता."

तेव्हा माझं मनगट कुणीतरी धरलं…

समोर कुणी नव्हतं. पकड ओली होती, गरम होती. मी हिसडा दिला. सुटली नाही. माझा हात सावकाश पुढे ओढला गेला आणि जाळीसमोर थांबला.

तळहातावर गरम हवा आपटत होती.

तिथे हवा आत ओढली जायला हवी. कागद धरला तर जाळीला चिकटायला हवा. फॅन उलटा फिरत होता. दोन्ही वायरी मी एकाच रंगाच्या टाकल्या होत्या. एकाच गुंडाळीतल्या, लाल. टोकं उलटी जोडली गेली होती. पाच वेळा मी फॅन फिरतोय एवढंच पाहिलं.

पकड सुटली. मनगटावर लाल वळ होते.

वायरींची अदलाबदल करायला चार मिनिटं लागली. त्यानंतर काटा तासभर अर्ध्यावरून हलला नाही.

संध्याकाळी वहिनी आल्या. मी म्हणालो, "पंप खराब निघाला."

हो, खोटं बोललो.

गाडी वहिनींकडे एकदम व्यवस्थित चालली. चौथ्या दिवशी त्या घरी आल्या तेव्हा मी गाडी जरा बाजूला घ्यायला आत बसलो. चावी फिरवली आणि काटा सरळ लालवर. एका मिनिटात. असं होऊच शकत नाही. रेडिएटरला हात लावला… गार.

मी तिथेच वहिनींना सगळं सांगितलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "मला एकटीला काय सांगताय? यांना काही कळत नव्हतं, हे तुम्ही ज्या ज्या लोकांसमोर बोललात, त्यांना सांगा. आधी आईंना."

त्याला सहा आठवडे झाले. आई अजूनही म्हणते, थोरल्याला त्याचा हट्ट नडला. मी तिच्यासमोर बसून जेवतो. अजून सांगितलेलं नाही. स्वतःची इतकी चीड मला कधीच आली नव्हती.

म्हणून इथे लिहिलं. आईला मोबाईलवर वाचता येत नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

काल वहिनी आईला भेटायला आल्या. गाडी दाराशी उभी होती. बंद. चावी वहिनींच्या हातात. मी फक्त बाजूने चाललो होतो, काचेतून सहज आत नजर गेली…

काटा लालवर होता.

घरातून आई मला जेवायला हाक मारत होती.