तेवीस किलो चारशे

डॉ. विनोद पाध्ये यांचं डोकं जाळं ओढायच्या विंचच्या ड्रमखाली होतं, म्हणजे जेवढं उरलं होतं तेवढं. दोराचे तीन वेढे मानेवरून गेले होते आणि उजवा खांदा पार उखडला होता. शुक्रवारी पावणेपाचला तंत्रज्ञ रेहान सोलकर शेडचं दार उघडून आत गेला, आणि ओरडतच बाहेर आला.

मग बांधकामावरचे गवंडी धावले. यंत्राच्या पडद्यावर चालवणाऱ्याचं नाव दिसत होतं: गुलाम रसूल होडेकर. प्रयोगात विंच चालवणारा हा म्हातारा तांडेल, होडीवरचा प्रमुख, तेव्हा सड्याच्या टोकाला एकटाच विडी ओढत बसला होता. त्याला फावड्याच्या दांड्यांनी असा बदडला की तीन बरगड्या मोडल्या. खून करून माणूस दोनशे पावलांवर विडी ओढत बसेल का, हे एकाही शहाण्याने विचारलं नाही. चाळीस जण जमले की डोकी घरी ठेवूनच येतात.

रविवारी सकाळी योगिनी नार्वेकरच्या कचेरीत तांडेलाची बायको आसिया आली. खासगी तपासाचा धंदा करणारी रत्नागिरीतली ही एकटीच बाई. तिचा मदतनीस काशीराम धनावडे निवृत्त हवालदार. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्याने पुष्कळ चोर पकडले, पण सगळे धावून. डोकं चालवून एकही नाही.

"दवाखान्यात खाटेजवळ शिपाई बसवलाय," आसिया म्हणाली. "उठून बसता आलं की उचलणार त्याला. फाशी होईल म्हणतात."

"डॉक्टर पाध्यांना धमकी दिली होती त्यांनी?"

"दिली होती. बुधवारी, सगळ्यांच्या देखत. माझ्या खलाशाची तीन बोटं खाल्लीस, तुझा हात त्याच ड्रमात घालीन, म्हणाला." तिने पदराने तोंड पुसलं. "तापट आहे. जाळ्यात मासळी कमी आली तर समुद्राला शिव्या घालतो. पण चाळीस वर्षं झाली निकाहाला, कधी बोट लावलं नाही मला."

काशीराम हळूच म्हणाला, "मॅडम, नाव पडद्यावर, धमकी सगळ्यांसमोर. यात शोधायचं काय?"

"तेच तर," योगिनी उठली. "इतकं आयतं कोण वाढतं हो काका?"

शहराबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, विद्यापीठाची मानव-यंत्र प्रणाली संशोधन संस्था उभी राहत होती. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती छातीएवढ्या आल्या होत्या. प्रयोग मात्र पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाले होते. पहिलाच प्रयोग ट्रॉलरवरच्या जाळं ओढणाऱ्या विंचचा. ते यंत्र दर मोसमात कुणाचा ना कुणाचा हात खातं. माणसाला सांभाळणारं विंच करायचं, हे विनोद पाध्यांचं वेड. सोमवारी समिती येणार, प्रयोग बघणार, मग संस्थेला कायमची मान्यता.

शेडमध्ये रेहानने यंत्र दाखवलं. जमिनीवरचे डाग पुसूनही काळे राहिले होते.

"पेडलवर पाय असेपर्यंत ड्रम फिरतो. पाय उचलला की थांबतो. पेडल ड्रमपासून सहा फूट लांब आहे, म्हणजे चालवणाऱ्याचा हात तिथे पोचूच नये. आणि माणूस ओरडला तरी थांबतो. ते सरांनी फेब्रुवारीत बसवलं."

"चालवणाऱ्याचं नाव कळतं कसं?"

"कार्डावरून." दाराजवळच्या खिळ्यांवर पाच कार्डं लोंबत होती. कुणीही उचलावीत अशी.

"शुक्रवारची नोंद दाखव."

पडद्यावर ओळी आल्या. चार वाजून तीन मिनिटांनी पेडल शून्य. चार-पाचला चालू, कार्ड गुलाम रसूल. पेडलवर भार तेवीस किलो चारशे ग्रॅम. आवाज काही नाही. चार-सहाला बंद.

"पेडल शून्य म्हणजे काय?"

"उन्हाने आकडा सरकतो. दुपारपर्यंत पाऊण किलोचा फरक पडतो. म्हणून रोज सकाळी नऊला मी शून्यावर आणतो."

"मग चार वाजता?"

"मी नव्हतो. तीनपासून मिरकरवाड्याला होतो, नवा दोर आणायला. दुकानात विचारा."

"तुझे गुलामचाचा शून्य करतात?"

रेहान एवढ्या दुःखातही हसला. "चाचा बटणाला हात लावत नाहीत. म्हणतात, बटणं तुमची, पाय माझा."

"ही नोंद पुसता येते?"

"नाही. त्याच क्षणी विद्यापीठात जाते."

तेजस्वी शेट्ये संस्थेचं कार्यालय सांभाळायची. रडून तिचे डोळे सुजले होते. शुक्रवारी साडेतीन ते साडेचार ती विद्यापीठाशी फोनवर बोलत होती, समिती येऊ नये म्हणून.

"येऊ नये?" काशीरामने वही काढली.

"सर गुरुवारी त्या खलाशाच्या, बाबल्याच्या घरी जाऊन आले. बोटं होडीवर तुटली असंच सरांना माहीत होतं. ती आपल्याच विंचमध्ये तुटली, जानेवारीत, हे बुधवारच्या भांडणानंतर त्यांना कळलं. म्हणाले, हे लिहिल्याशिवाय संस्था उघडायची नाही. समितीला येऊ नका म्हणून सांग."

"हे कोणासमोर म्हणाले?"

"माझ्यासमोर. सुजय सर होते, रेहान होता."

बाबल्या घरीच होता. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, मध्ये काही नाही. सुट्टीच्या दिवशी एका साहेबाने प्रयोगाला बोलावलं होतं, एवढंच तो बोलला. "नाव नका विचारू बाय. नव्या इमारतीत पहारेकरी ठेवतो म्हणालाय. या हाताला दुसरं काम कोण देईल?"

"आणि तांडेल फासावर गेला तर?"

बाबल्याने तो हात पाठीमागे घेतला.

डॉ. सुजय लिमये, पाध्यांचे वीस वर्षांचे सहकारी, शेडमध्येच भेटले. शांत, अदबशीर माणूस. शुक्रवारी दुपारी ते खोलीत एकटेच अहवाल लिहीत होते. पेडल दाखवा म्हटल्यावर ते वाकले, बाजूचं छोटं बटण दाबलं, मग पाय ठेवला. काशीरामला मोह आवरला नाही. त्यानेही एक पाय ठेवला. आकडा एकतीस, तेहतीस, तीस असा नाचत राहिला.

"काका, हलू नका," योगिनी म्हणाली.

"मी कुठे हलतोय?"

"विनोद भाबडा होता," सुजय म्हणाले. "ही संस्था झाली तर या किनाऱ्यावर शेकडो हात वाचतील. ते महत्त्वाचं नाही का?"

बाहेर येऊन योगिनी चिऱ्यांच्या राशीसमोर थांबली. "काका, एकेक उचला आणि पेडलवर ठेवा."

"सगळे?"

"तेवीस चारशे भरेपर्यंत."

काशीरामने मनातल्या मनात तिचे सात पिढ्यांचे पूर्वज आठवले आणि कंबर कसली. रेहानने पेडल शून्यावर आणून दिलं. एकविसाव्या चिऱ्याला आकडा बरोबर तेवीस चारशेवर थांबला आणि काशीराम मट्कन खाली बसला.

सोमवारी सकाळी नऊला शेडमध्ये सुजय, रेहान आणि तेजस्वी हे तिघे होते, इन्स्पेक्टर होते आणि भिंतीशी आसिया. पेडलशेजारी एक चिरा ठेवला होता.

"नोंदीतला भार बघा," योगिनी म्हणाली. "तेवीस चारशे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ग्रॅमही न हलता. जिवंत पाय असा राहत नाही; काकांचा राहिला नाही. पेडलवर पाय नव्हता, दगड होता. कशाला? कारण खुनी एकटा होता. सहा फुटांवरच्या ड्रमाशी धरायचं काहीतरी होतं, आणि त्याला दोन्ही हात मोकळे हवे होते."

"पाध्यांना धरायला?" इन्स्पेक्टरनी विचारलं.

"प्रेताला. ओरडा ऐकला की हे यंत्र थांबतं. खांदा उखडतोय आणि माणूस गप्प? नोंदीत आवाज नाही. पाध्ये आधीच मेले होते. ते विंचवर वाकले असताना हाच चिरा त्यांच्या डोक्यात घातला. मग ती जखम चिरडून टाकायला विंच, आणि नाव लावायला गुलाम रसूलचं कार्ड. नोंद पुसायची नव्हतीच, ती तर हवी होती."

"कोणाला?" काशीरामने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"चार-तीनला पेडल शून्य केलंय. तांडेल बटणाला हात लावत नाही. रेहान सकाळी एकदाच करतो, आणि त्या वेळी तो मिरकरवाड्यात होता, दुकानदार सांगतोय. तेजस्वी फोनवर होती, विद्यापीठही तेच सांगतंय. माणसाला मारून, हाताला रक्त असताना, पेडल शून्यावर आणल्याशिवाय त्यावर भार ठेवायचा नाही, ही सवय कोणाची? काल आमच्यासमोर कोण वाकलं होतं, डॉक्टर लिमये?"

सुजयनी चष्मा काढून पुसला. "सवयीवरून फाशी देता?"

"नाही. त्या सवयीने दगड शोधून दिला. तुम्ही शून्य केलं नसतं तर आकडा पाऊण किलोने चुकला असता आणि मी राशीत भलताच चिरा धरून बसले असते. तुम्ही अचूक वजन ठेवून गेलात. चिरा तुम्ही धुतला, पण जांभ्याला भोकं असतात. आतलं रक्त काल प्रयोगशाळेत गेलंय. आणि बाबल्या रात्रीच ठाण्यात येऊन तुमचं नाव सांगून गेला. नोकरी नको म्हणाला."

सुजयचा अदबशीरपणा एकदम गळून पडला. "तीन बोटं," तो ओरडला. "तीन बोटांसाठी वीस वर्षं मातीत घालत होता तो! मी पाया पडलो त्याच्या. मला म्हणाला, आधी लिही, मग बोल. आणि पाठ फिरवून विंच तपासत बसला."

आसिया पुढे आली आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली. इन्स्पेक्टरनी अडवलं नाही. थोडं उशिरा अडवलं, असं कागदावर लिहिता आलं असतं.

दुपारी दवाखान्यातल्या खाटेजवळचा शिपाई उठून गेला. गुलाम रसूलचा एक डोळा सुजून बंद होता, श्वास घेताना तो कण्हत होता. आसियाने त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. तू सुटलास, असं तिने दोनदा सांगितलं.

त्याने तिच्याकडे मान वळवली.

"म्हणजे बोटांचं पाध्याला माहीतच नव्हतं?"

"नव्हतं."

"मी शिव्या घातल्या म्हणून तो बाबल्याकडे गेला."

आसियाने त्याची चादर वर ओढली.

"गेला नसता तर जगला असता." त्याने उघड्या डोळ्यावर मनगट ठेवलं. "सगळ्यांसमोर बोललो गो मी त्याला. आणि तो मला उलट एक शब्द न बोलता उठून विचारायला गेला."

दारात उभी असलेली योगिनी वळून जायला निघाली, तेव्हा त्याने हाक मारली.

"बाय, त्याची आई आहे ना? तिला फोन लाव. मला बोलायचंय तिच्याशी."

"आत्ता? श्वास तरी घेता येतोय का चाचा?"

"लाव तू," गुलाम रसूल म्हणाला, आणि बरगड्या धरून उठून बसला.